दुष्काळाची पहिली खूण

माझी दादी बांगड्या भरायची. आम्ही मणेर. मंगळवेढ्याच्या भोवतालची दहा-बारा खेडी आमच्या घराकडं होती. आजोबा सोलापूरहून माल आणायचे आणि दादी तो दुरडीत रचून, दुरडी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. बांगडी भरायची म्हणजे समोरच्या बाईचा हात हातात घ्यावा लागतो, आणि हात हातात असला की बाई बोलते. कुणाच्या घरी लेक बाळंतपणाला आली आहे, कुणाचं लग्न अडलं आहे, कुणाच्या विहिरीनं तळ दाखवला आहे, सगळं दादीला कळायचं.

दादीला अक्षर येत नव्हतं. पण वर्ष वाईट निघणार हे तिला गावच्या तलाठ्याच्या आधी समजायचं. ती म्हणायची, "पाऊस गेला हे आभाळाकडं बघून कुणालाही कळतं. माणूस कधी खचायला लागला ते कळलं पाहिजे." तिचा हिशेब असा होता. आधी बाई डझनाऐवजी सहाच बांगड्या भरते. मग 'येत्या बाजारी बघू' म्हणते. मग मापटंभर ज्वारी घालायची ती उधारी सांगते. मग दादीची हाक ऐकू आली की घरात जाते. त्यानंतर तिच्या गळ्यातली बोरमाळ दिसेनाशी होते. दावणीची शेळी जाते, मग तांब्याची घागर जाते. सर्वांत शेवटी घराला कुलूप लागतं. "कुलूप लागलं की साहेब येतो," दादी म्हणायची, "पण बाईनं हात मागं घेतला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं."

'संकटाची चाहूल आणि वेळीच हालचाल' हा विषय मला आकाशवाणीनं दिला, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती दादी. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. बी. ए.ला इतिहास होता, तेवढाच. पुढचं आयुष्य कविता लिहिण्यात आणि पोटामागं धावण्यात गेलं. पण दुष्काळी मुलखात जन्मलेल्या माणसाला दुष्काळाचा इतिहास वाचल्याशिवाय राहवत नाही. तो वाचताना दादीचीच वाक्यं मला सरकारी भाषेत पुन्हा भेटली. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या गावाकडं दुष्काळाची गोष्ट दामाजीपंतांपासून सुरू होते. पंधराव्या शतकातली, बहामनी राजवटीतली गोष्ट. मंगळवेढ्याला सरकारी धान्याची कोठारं होती आणि दामाजीपंत तिथले अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसं दारात येऊन पडायला लागली. बीदरच्या बादशहाची परवानगी आणायला वेळ नव्हता. पंतांनी कोठारं उघडली आणि लोकांना धान्य वाटलं. ही बातमी बीदरला पोचली आणि पंतांना पकडून न्यायला शिपाई निघाले. पुढची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपानं दरबारात गेला, धान्याची सारी किंमत त्यानं बादशहापुढं ओतली आणि रीतसर पावती घेतली. पंत सुटले.

ही गोष्ट मी लहानपणी देवळाच्या ओट्यावर बसून कीर्तनात ऐकली आहे. तेव्हा विठोबाच्या येण्यानं अंगावर काटा यायचा. वय वाढल्यावर दुसराच विचार मनात येऊ लागला. कोठार वेळेवर उघडणाऱ्या अधिकाऱ्याला वाचवायला देवाला यावं लागलं, कारण कोठार केव्हा उघडायचं याचा नियमच नव्हता. नियम असता तर पंतांना जिवावर उदार व्हावं लागलं नसतं, आणि पंतांइतकं काळीज नसलेल्या अधिकाऱ्यालाही कोठार उघडावंच लागलं असतं. दामाजीपंत प्रत्येक तालुक्याला मिळत नसतात.

असा नियम आपल्याकडं व्हायला पुढं चारशे वर्षं लागली, आणि तो फार मोठी किंमत मोजून झाला.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, सातारा, पुणे, नगर, कलादगी हे सगळे जिल्हे होरपळले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती आणि ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं होतं. शेतकरी कर्जानं पिचला आहे, हे सरकारला त्या वेळीच कळलेलं होतं. चौकशीसाठी आयोगही नेमला गेला होता. म्हणजे पाऊस जाण्याआधीच माणूस खचला होता आणि त्याचा पुरावा सरकारदरबारी नोंदलेला होता.

पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा अवघी सहा वर्षांची होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, तिचे प्राण होते आणि न्यायमूर्ती रानडे यांचं मार्गदर्शन तिला होतं. सभेनं एक साधं पण फार मोलाचं काम केलं. तालुक्या-तालुक्यांतून माहिती मागवली. पीक किती आलं, धान्याचा भाव काय आहे, विहिरींना पाणी किती, जनावरं काय भावानं विकली जात आहेत, किती लोक गाव सोडून गेले, दुष्काळी काम कुठं सुरू आहे आणि त्यावर मजुरी काय मिळते. ही माहिती एकत्र करून सभा सरकारकडं एकामागून एक निवेदनं पाठवत राहिली. टेलिफोन नाही, सगळीकडं आगगाडी नाही, अशा काळात पुण्यात बसलेल्या मंडळींना जिल्ह्यांची नाडी लागत होती ती या पत्रांतून.

याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीला मोठा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं. सार्वजनिक काका त्या दरबाराला सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले ते हातानं कातलेल्या खादीचा वेश करून. इकडं सरकारचं धोरण असं होतं की धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही आणि मदतकार्यावर खर्च कमीत कमी करायचा. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कमी करायला लावली. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्याच्या किमतीइतकी मजुरी आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे आजचे सुमारे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दगड फोडणाऱ्यानं जगायचं! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. भुकेल्या माणसांनी कामावरून उठून जाणं ही गोष्ट त्या काळी कुणी कल्पनेतही आणली नव्हती. सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

१८७६ ते १८७८ या काळात देशभर मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या आसपास गेला. मग सरकारनं रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता निघाल्या. या संहितांचं इंग्रजी मोठं रुक्ष आहे. पण पुढं त्यांत दुष्काळाच्या पूर्वखुणांची जी यादी आली, ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

त्या यादीत अशा खुणा आहेत. लोकांचा दानधर्म आटतो आणि भिकारी गाव सोडून भटकायला लागतात. सावकार कर्ज द्यायचं थांबवतो. धान्यबाजारात एकाएकी धावपळ सुरू होते. भुरट्या चोऱ्या वाढतात. गुरांचे आणि मेंढरांचे कळप नेहमीची वाट सोडून चाऱ्यासाठी भलतीकडं निघतात. आणि माणसं कारणाशिवाय हिंडताना दिसतात. यांतली एकही खूण आभाळातली नाही. सगळ्या खुणा माणसाच्या वागण्यातल्या आहेत. विलायतेहून आलेल्या साहेबांनी लाखो माणसं मेल्यानंतर जे लिहून ठेवलं, ते आमच्या दादीच्या दुरडीत अगोदरपासून होतं. तिच्या यादीत फक्त आणखी एक खूण वर होती. भिकाऱ्याचं दान आटण्याआधी बाई आपल्या हातातली बांगडी कमी करते.

ही संहिता नुसत्या खुणा सांगून थांबत नव्हती. कुठली खूण दिसली की कुणी काय करायचं, हे तिनं ठरवून दिलं होतं. पाऊस लांबला की पिकांचा आणि भावांचा तपास वाढवायचा. सारावसुली थांबवायची, तगाई द्यायची. मग एखादं चाचणीचं काम काढायचं. कमी मजुरीवर भर उन्हात खडी फोडायला किती माणसं येतात ते बघायचं. ज्याच्या घरी दाणे आहेत तो अशा कामाला येणार नाही. रांग लागली, की समजायचं, टंचाई खरी आहे. मग मोठी कामं उघडायची, आणि जे काम करू शकत नाहीत त्या म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, पोरांना गावातच मदत पोचवायची. कामांची यादी आणि नकाशे चांगल्या वर्षातच तयार ठेवायचे, म्हणजे ऐन वेळी कागद शोधावा लागू नये. संकटाची चाहूल घेण्याची इतकी शिस्तशीर पद्धत त्याआधी जगात क्वचितच कुठं झाली असेल.

पण संहिता सरकारनं सरकारसाठी लिहिली होती. तिची किल्ली कलेक्टरच्या खिशात होती. ती किल्ली लोकांच्या हाती देण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याकडं झाला तो १८९६-९७ च्या दुष्काळात, आणि तो केला लोकमान्य टिळकांनी. 'केसरी'तून त्यांनी दुष्काळ संहितेतली कलमं शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत सांगितली. पीक बुडालं असेल तर सारातहकुबी मागणं हा तुमचा हक्क आहे. सारा भरण्यासाठी गुरं-भांडी विकू नका. काम मागा, ते देणं सरकारवर बंधनकारक आहे. सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव जाऊन हेच सांगू लागली. सरकारचाच कायदा सरकारला वाचून दाखवायचा, यात राजद्रोह कसला? पण सरकारला ते सोसलं नाही. १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली. लोकांना हक्क कळला की तो मागितला जातो, हे राज्यकर्त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

चाहूल लागूनही हालचाल झाली नाही तर काय होतं, ते पाहायचं असेल तर बंगालकडं बघावं लागतं. १९४३ साली दुसरं महायुद्ध चालू होतं. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला होता. जपानी येतील या भीतीनं किनारपट्टीच्या भागातल्या होड्या सरकारनं आधीच काढून घेतल्या होत्या. तांदळाचे भाव महिन्या-महिन्याला चढत होते. खेड्यातले कोळी, शेतमजूर, कारागीर कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडत होते. संहितेतली एकूण एक खूण डोळ्यांसमोर होती. आणि संहिता? ती बंगाल सरकारच्या कपाटातच होती. दुष्काळ जाहीर झालाच नाही. जाहीर केला तर संहितेप्रमाणं ठरलेलं धान्य द्यावं लागेल, आणि तेवढं धान्य आपल्याकडं नाही, हे कारण खुद्द गव्हर्नरांनी व्हाइसरॉयना कळवलं. म्हणजे दुष्काळ फार मोठा आहे म्हणून त्याला दुष्काळ म्हणायचं नाही! ऑगस्टमध्ये 'स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठं बाहेरच्या जगाला कळलं. सुमारे तीस लाख माणसं गेली. शांतिनिकेतनात नऊ वर्षांच्या एका मुलानं ते पाहिलं. पुढं अर्थशास्त्रज्ञ झालेल्या अमर्त्य सेन यांनी दुष्काळाबद्दल जे लिहिलं, त्याच्या मुळाशी ते पाहणं आहे. धान्य बाजारात असूनही माणूस मरतो, कारण ते घेण्याची त्याची ऐपत गेलेली असते, हे त्यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात जगाला दाखवून दिलं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं एक गमतीची गोष्ट झाली. कवीला ती विशेष जाणवते. १९६३ साली महाराष्ट्रानं एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी 'टंचाई' शब्द घातला. कारण असं, की आता राज्यात दुष्काळ पडू द्यायचाच नाही, टंचाईच्या पायरीवरच तो अडवायचा. हेतू चांगला होता. पण शब्द काढल्यानं वस्तू जात नाही. नऊ वर्षांनी ती आलीच.

१९७० आणि १९७१ ही वर्षं तुटीची गेली होती. १९७२ ला पावसानं पुरती पाठ फिरवली. आमचा मुलूख रब्बी ज्वारीचा, सारी भिस्त परतीच्या पावसावर. हस्त नक्षत्र कोरडं गेलं आणि पेरणीच झाली नाही. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, म्हणून हे सगळं मला ऐकूनच ठाऊक आहे. त्या पंचमीला दादीची निम्मी दुरडी परत आली. दिवाळीला तर भरलेली दुरडी तशीच घरी आली. दादी चावडीवर गेली आणि तिथं बसलेल्या चार मोठ्या माणसांना तिनं सांगितलं की बायांनी हात मागं घेतलेत, वर कळवा, काम काढायला सांगा. कुणीतरी हसून म्हणालं, "मणेरणीच्या बांगड्या खपेनात म्हणून सरकारनं दुष्काळ लावायचा काय?"

राज्यात ठिकठिकाणी कामं निघाली होती. आमच्या गावाजवळ मात्र काम सुरू झालं ते माघ महिन्यात. कागद कुठं अडला होता ते मला माहीत नाही, आणि आता कुणाला विचारण्यातही अर्थ नाही. पण दिवाळी आणि माघ यांच्या मधल्या पौषात माझी दीड वर्षानं मोठी असलेली बहीण गेली. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी आणि पोटात पुरेसं अन्न नाही, त्यात जुलाब लागले. कागदावर कारण जुलाबच लागलं असणार. दुष्काळात माणूस भुकेनं मेला असं कागद सहसा सांगत नाही. त्याला दुसरं एखादं नाव मिळतं.

माघात काम निघालं तेव्हा अम्मा मला कडेवर घेऊन खडी फोडायला गेली. दगड फोडताना काचेच्या बांगड्या टिकत नाहीत. मणेराच्या घरातली सून मोकळ्या हातानं खडी फोडत होती आणि आजूबाजूच्या ज्या बायांचे हात दादीनं इतकी वर्षं भरले होते त्याही मोकळ्याच हातांच्या होत्या. बाभळीला झोळी बांधून मला त्यात टाकत. मुकादम हजेरी घ्यायचा, आठवड्याला पगार व्हायचा, पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला चव नव्हती, असं अम्मा आजही सांगते. पण त्याच दमात ती हेही सांगते, "ते काम होतं म्हणून तू आहेस."

तिचं म्हणणं सगळ्या महाराष्ट्राबाबत खरं आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. इतकं पीक बुडालं असताना १८७७ सारखी किंवा १९४३ सारखी मनुष्यहानी झाली नाही, ही या राज्यानं केलेली फार मोठी गोष्ट आहे. कौतुक सरकारचं केलंच पाहिजे, पण ते नुसत्या सरकारचं नाही. वर्तमानपत्रं रोज लिहीत होती, विधिमंडळात रोज प्रश्न विचारले जात होते, आणि काम काढा म्हणून माणसं, विशेषतः बाया, कचेऱ्यांवर मोर्चे नेत होत्या. बंगालमध्ये मुकी राहिलेली चाहूल इथं मोठ्यानं बोलत होती.

या अनुभवातून जो कायदा झाला, तो मला दामाजीपंतांच्या गोष्टीचा खरा शेवट वाटतो. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना ते कितीतरी वर्षं मांडत होते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ मध्ये योजना आली, १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. शहरानं खेड्याच्या पडत्या काळासाठी दर महिन्याला थोडं बाजूला काढायचं, असा तो अर्थ. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. पुढं २००५ मध्ये संसदेनं सगळ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागंही महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

यात बदललं काय, ते नीट बघायला हवं. जुन्या संहितेतही चाचणीचं काम होतं. पण तिथं परीक्षा भुकेल्याची होती. तू खरंच भुकेला आहेस का, हे साहेब तपासणार आणि मग ठरवणार. रोजगार हमीत परीक्षा सरकारची झाली. दहा बायांनी जाऊन काम मागितलं की तीच दुष्काळाची वर्दी. ती पोचवायला मधे कुणी दामाजीपंत नको, आणि चावडीवरच्या कुणाला हसण्याची सोयही नको. योजनेत पुढं खोटी हजेरी आली, मजुरी महिनोन्महिने थकली, कामं कागदावरच झाली, हे सगळं आपण पाहिलं. पण ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याच्याच हातात घंटेची दोरी द्यायची, हे तिच्यामागचं तत्त्व मला आजही मोलाचं वाटतं.

कारण ती दोरी नसली की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. १८८० च्या सुमारास 'सावकार कर्ज देईनासा झाला' ही धोक्याची खूण म्हणून ओळखली गेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विदर्भात आणि मराठवाड्यात कर्जापायी शेतकरी जीव देऊ लागले, तेव्हा हीच खूण घरोघर होती. कोणत्या घराचं पीककर्ज थकलं आहे आणि आता ते घर कुणाच्या दारात उभं आहे, हे सोसायटीच्या सचिवाला माहीत, बँकेला माहीत, कृषी सेवा केंद्रवाल्याला माहीत. पण ते कळल्यावर कुणी काय करायचं हे मात्र लिहिलेलं नव्हतं. मदत पोचायची ती घरातला माणूस गेल्यावर.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आठवत असेल. गाडी पोचली तेव्हा सगळ्या देशानं कौतुक केलं. कौतुकासारखंच ते काम होतं. पण मांजरा धरणातला साठा एका रात्रीत संपला नव्हता. तो किती उरला आहे याचे आकडे रोज नोंदले जात होते. तरी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ आली आणि मगच आगगाडी निघाली. त्याच वर्षी केंद्रानं दुष्काळाची नवी नियमावली केली. पाऊस, पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, धरणातलं आणि भूगर्भातलं पाणी हे सगळं आता मोजलं जातं. उपग्रह वरून बघतो. जुन्या आणेवारीपेक्षा ही पद्धत वेगवान आहे, तिचं स्वागतच करायला हवं. फक्त उपग्रहाला रान दिसतं, बाईचा हात दिसत नाही.

मग आज दादीची दुरडी कुणाच्या डोक्यावर आहे? मला वाटतं, ती बऱ्याच जणांकडं वाटली गेली आहे. बचत गटातल्या बायांना कुणाचा हप्ता चुकला ते कळतं. किराणा दुकानदाराला कळतं की अमक्या घरी तेल आता सुटं जातं. शाळेतल्या गुरुजींना दिसतं की ऊसतोडीला न जाणाऱ्या घरांची पोरंही या वर्षी दिवाळीनंतर बाकावर नाहीत. औषधाच्या दुकानात कळतं की म्हातारीची रक्तदाबाची गोळी या महिन्यात नेली नाही. ही माणसं एकमेकांना भेटत नाहीत आणि त्यांना कुणी विचारतही नाही. महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीत त्यांना एकत्र बसवलं, चार साधे प्रश्न विचारले, उत्तरं वहीत लिहिली आणि कुठल्या उत्तरावर तहसीलदारानं किती दिवसांत काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलं, तर त्याला फारसा पैसा लागणार नाही. सार्वजनिक सभेनं दीडशे वर्षांपूर्वी टपालावर हे केलं होतं. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

१९७३ चा पाऊस आला. काम संपलं. पहिल्या बाजाराला आजोबांनी थोडा माल आणला, आणि दादीनं दुरडी बाहेर काढण्याआधी अम्माला समोर बसवून तिचे हात भरले. नंतर ती गावात गेली. चावडीपाशी ती थांबली नाही. पण त्या वर्षापासून दर पंचमीनंतर ती एक काम न चुकता करायची. किती बायांनी हात मागं घेतले ते मोजायची आणि शाळेतल्या गुरुजींना सांगून एका वहीत लिहून घ्यायची. ती वही कुणी मागितली नाही. दादी गेल्यावर कुठल्या तरी आवरा-आवरीत ती हरवली.